खानदेशच्या हवेत टिकणारा सागवानी चौरंग : हाताच्या हत्यारांनी, पायरी पायरीने

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो आणि जुन्या दारांच्या फळ्यांमध्ये फटी दिसायला लागतात. तीच दारं श्रावणात चौकटीत अशी अडकतात की खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. लाकूड कापून, रंधून, तेल पाजून झालं तरी हवेतला ओलावा घेणं-सोडणं थांबवत नाही. इकडचे मिस्तरी म्हणतात, "लाकूड मरत नही भो, श्रावणमा फुगस, वैशाखमा सुकस."

बाजारातले स्वस्त चौरंग वर्ष-दोन वर्षांत मधोमध तडकतात, ते याच कारणाने. वरची फळी खालच्या चौकटीला खिळ्यांनी किंवा फेविकॉलने घट्ट बांधलेली असते. उन्हाळ्यात फळीला आकसायचं असतं, चौकट आकसू देत नाही, मग फळी फाटते. सांधे कितीही सुबक असले तरी हा एक मुद्दा चुकला की काम गेलं. म्हणून या लेखात सांध्यांइतकाच वेळ मी फळी बसवण्याच्या पद्धतीवर घालवणार आहे.

शिकायला चौरंगच का? आकार लहान, लाकूड कमी, ओटीवर किंवा गच्चीवर बसून होणारं काम. तरी त्यात रंधा मारणं, खाच-कुसू (एका लाकडातली खाच आणि तीत बसणारं दुसऱ्याचं बारीक केलेलं टोक), फळीला फळी जोडणं आणि मोकळी बसणारी फळी असं सगळं येतं. हे जमलं की पाट, स्टूल, देव्हाऱ्याखालची बैठक, छोटं टेबल ही सगळी त्याचीच वाढवलेली मापं. शिवाय घरात त्याला काम आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते, मग गणपती, मग सत्यनारायण.

लाकूड : वखारीतून की पाडलेल्या घरातून

पहिल्या कामाला साग घ्या. साग महाग आहे हे खरं, पण तो कमी हलतो, पटाशीला सरळ वागतो आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना साग नवा नाही. तळोदा ही इंग्रजांच्या काळातही लाकडाची मोठी पेठ होती आणि तिथल्या बैलगाड्या नावाजलेल्या होत्या.

आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण त्याला कीड आणि काळे डाग लवकर धरतात. बाभूळ चिवट आहे, गाडीच्या चाकाला आणि अवजारांच्या दांड्याला उत्तम, पण तिच्यात सुबक खाच पाडायला हात बसलेला लागतो. अंजन तर दगडच. देशातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी एक. अंजनाचा किंवा बाभळीचा ठोकळा मिळाला तर त्याची मोगरी (पटाशीवर मारायचा लाकडी हातोडा) करा, चौरंग नको.

या चौरंगाला कच्चं लाकूड साधारण पाव ते सव्वापाव घनफूट लागतं. रंधा, करवत आणि नवशिक्याचा हात धरून अर्धा घनफूट घ्यावं. हिशोब सोपा आहे : लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागा. वखारीत जाण्याआधी हा आकडा स्वतः काढून जा.

वखारीत फळीचं टोक बघायला शिका. टोकावरच्या वाढीच्या रेषा फळीच्या रुंद बाजूला उभ्या येत असतील तर ती फळी कमी हलते. त्या रेषा कमानीसारख्या आडव्या असतील तर ती जवळपास दुप्पट हलते आणि तिला बाकही येतो. वरच्या फळीसाठी उभ्या रेषांचे तुकडे निवडा. बाहेरचा पांढुरका भाग घेऊ नका, किडीचं पहिलं जेवण तेच. बिल मागून घ्या. आणि शेतात स्वतःचा साग उभा असेल तर करवत लावण्याआधी वनखात्याकडे अर्ज करा. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम १९६४ प्रमाणे साग तोडायला परवानगी लागते, झाड आपल्याच बांधावरचं असलं तरी.

माझी पसंती मात्र जुन्या लाकडाला. खानदेशात धाब्याची घरं पाडून स्लॅब पडतायत आणि त्यातल्या तुळया, कड्या, खांब भंगाराच्या भावाने नाही तरी नव्यापेक्षा स्वस्तात मिळतात. ते लाकूड कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहून बसलेलं असतं. त्याची किंमत वेगळ्या रूपात द्यावी लागते : आत मोडलेले खिळे, भेगांत माती आणि चुना. आधी तारेच्या ब्रशने खरडून काढा, मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सगळीकडून फिरवा. एक खिळा रंध्याच्या पात्याला असा खड्डा पाडतो की तो दगडावर काढायला संध्याकाळ जाते.

आणलेलं लाकूड लगेच नेमक्या मापाला कापू नका

लाकूड ज्या खोलीत राहणार आहे त्या खोलीच्या हवेला आधी सरावू द्या. ढोबळ मापाने कापून ठेवा : प्रत्येक तुकडा लांबीला इंचभर आणि जाडी-रुंदीला दोन सूत (पाव इंच) जास्त. एकावर एक रचताना मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, म्हणजे चारही बाजूंनी वारं लागेल. टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा, कारण ओलावा टोकातून सगळ्यात वेगाने जातो आणि चिरा तिथूनच सुरू होतात. गच्चीवर उन्हात टाकून "लवकर वाळेल" असा हिशोब करू नका; मे महिन्याच्या उन्हात फळी वाळत नाही, पिळते.

कूलरच्या खोलीतही ठेवू नका. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते आणि कूलरसमोर पावसाळ्यासारखी दमट, त्यामुळे तिथे लाकूड काय सांगतंय ते कळतच नाही.

लाकूड बसलं की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. एका तुकड्यावर खूण करून दर आठवड्याला घरच्या वजनकाट्यावर ठेवा आणि वजन त्याच्यावरच पेन्सिलने लिहा. सलग दोन आठवडे आकडा जवळपास तोच आला की सुरुवात करा.

हत्यारं : थोडी, पण धारेची

ऑनलाइन मिळणारा चाळीस हत्यारांचा पेटारा घेऊ नका. या कामाला एवढंच पुरतं : बारीक दातांची, पाठीला पट्टी असलेली सांध्याची करवत, लांब कापायला एक मोठी करवत, एक रंधा, दोन सूत आणि सहा सूत रुंदीच्या दोन पटाश्या, गुण्या (काटकोन तपासायला), मार्किंग गेज (कडेला समांतर रेष मारायला), धारदार छोटा चाकू, मोगरी, हातड्रिल, पोलादी फूटपट्टी. ओढताना कापणारी जपानी पद्धतीची करवत आता सहज मिळते आणि नवशिक्याच्या हातात ती सरळ चालते. तिला नावं ठेवणारे मिस्तरी भेटतील, मनावर घेऊ नका.

रंधा लोखंडी चार नंबरचा असो की सुताराकडचा लाकडी, दोन्ही चालतात. लाकडी रंध्यात पात्याच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी दिली की पातं खाली उतरतं, रंध्याच्या मागच्या टोकाला दिली की वर येतं. हे दहा मिनिटांत हाताला कळतं.

मापं मी सुतात देतो आहे, कारण वखारीत, हार्डवेअरवाल्याकडे आणि मिस्तरीच्या तोंडी तेच आहे. आठ सुतांचा एक इंच. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या किंचित वर.

बाक नसला तरी अडत नाही. आपले सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करत आले आहेत. पण पटाशी चालवताना पायाची बोटं मध्ये नसलेली बरी, म्हणून एक साधा अडसर करून घ्या : फूटभर लांब फळी, तिच्या एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून एकेक पट्टी स्क्रूने बसवलेली. खालची पट्टी ओट्याच्या किंवा जुन्या टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून कापायचं. तुमचा पहिला प्रकल्प खरं तर हाच.

धार : इथे घाई केली तर पुढचं सगळं अवघड

नवी पटाशी धार लावूनच येते हा गैरसमज आहे. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर बोथटते. सागावर काम करायचं तर धार लावणं हा रोजचा भाग समजा.

जाड काचेचा सपाट तुकडा घ्या. त्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर चिकटवा : २२०, ४००, १०००, २००० नंबर. पहिल्यांदा पटाशीची सपाट पाठ टोकापासून बोटभर अंतरापर्यंत घासून आरशासारखी करा. हे एकदाच करायचं असतं, पण बहुतेक जण हेच टाळतात आणि मग धार का टिकत नाही म्हणून दगड बदलत बसतात.

आता उतार. कोन मोजायला साधन नसेल तर एक सोपा हिशोब : उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असली की कोन ३० अंशांचा होतो. पातं तीन मिलिमीटर जाड तर उतार सहा मिलिमीटर. सागाला ३० अंश योग्य. पातं त्याच कोनात धरून मागेपुढे घासा, मनगट लुळं पडू देऊ नका. पाठीकडून बोट फिरवल्यावर पूर्ण रुंदीभर खरखरीत कड लागली की तो नंबर झाला, पुढच्या कागदावर जा. शेवटी पाठ आडवी ठेवून दोन-तीन वेळा घासली की ती कड निघते. परीक्षा : मऊ लाकडाच्या टोकावरून पटाशी हाताने दाबून चालवा. कापलेला भाग चकचकीत दिसला तर धार आहे. चुरा निघाला तर परत कागदावर.

मापं

वरची फळी : १६ × १६ इंच, जाडी ६ सूत. लाकडाच्या लांब रेषा ज्या दिशेने जातात ती दिशा खडूने लिहून ठेवा, पुढे लागेल.
पाय ४ : पावणेदोन इंच चौरस, उंची सव्वाआठ इंच. वरच्या टोकाला इंचभर जास्तीचं लाकूड सध्या तसंच ठेवा.
पायांना जोडणाऱ्या पट्ट्या ४ : रुंदी सव्वादोन इंच, जाडी ६ सूत, एकूण लांबी १२ इंच ३ सूत.

चौकट बाहेरून १४ × १४ इंच होते, फळी चारही बाजूंनी इंचभर बाहेर येते आणि उंची नऊ इंच भरते. पट्ट्यांच्या लांबीतले मधले साडेदहा इंच दिसणारे, बाकी दोन्हीकडचे साडेसात-साडेसात सूत पायात जाणारं कुसू.

रंधा मारून चौरस करणं

प्रत्येक तुकड्याची एक रुंद बाजू आधी सपाट करा. पीळ बघायला दोन सरळ, सारख्या रुंदीच्या पट्ट्या तुकड्याच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि डोळा खाली आणून एकीवरून दुसरीकडे पाहा. दोन्हींच्या वरच्या कडा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. तिरक्या दिसल्या तर जे कोपरे उंच आहेत तिथेच रंधा मारा, सगळीकडे नको. मग शेजारची कड गुण्याला लावून काटकोनात आणा. या दोन बाजूंवर पेन्सिलने खूण करा. यापुढे गुण्या आणि गेज फक्त याच बाजूंना टेकवायचे. उरलेल्या दोन बाजू गेजने रेष मारून त्या रेषेपर्यंत उतरवा.

रंध्याखाली लाकूड फाटायला लागलं तर तुम्ही रेषांच्या विरुद्ध जाताय. तुकडा उलटा फिरवा. तरीही गाठीजवळ फाटत असेल तर पातं अगदी कमी काढा. कागदासारखे पातळ छिलके निघाले पाहिजेत.

खाच पाडणं

चारही पाय एकत्र उभे करून आतल्या बाजू ठरवा आणि खुणा करा. नाहीतर चार डावे पाय तयार होतात. प्रत्येक पायाला शेजारशेजारच्या दोन बाजूंवर दोन खाचा. पायाच्या खऱ्या माथ्यापासून चार सूत सोडून दीड इंच लांबीची खाच आखा. रुंदी दोन सूत. बाहेरच्या कडेपासून तीन सूत आणि पाच सूत अंतरावर गेजने दोन रेषा मारल्या की पट्टी पायाच्या बाहेरच्या बाजूपेक्षा एक सूत आत बसते. ही एका सुताची पायरी मुद्दाम आहे. पट्टी आणि पाय एका पातळीत केले तर पहिल्याच उन्हाळ्यात फरक बोटाला लागतो; पायरी असली की डोळ्याला काही कळत नाही.

आखणी चाकूने करा, पेन्सिलने नाही. चाकूच्या रेषेत पटाशी आपोआप बसते.

खोली बरोबर एक इंच. पटाशीला चिकटपट्टीची खूण करा. खाचेच्या टोकापासून एक सूत आत पटाशी उभी धरून मोगरी मारा, मग एक-एक सूत सरकत दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि ढलप्या उचकटा. टोकाच्या भिंती शेवटच्या फेरीत सरळ कापा, नाहीतर उचकटताना त्या दबून गोल होतात. इंचभर खोल गेलं तरी शेजारच्या खाचेपर्यंत एक सुताची भिंत शिल्लक राहते, तिला धक्का लावू नका. माथ्याला ठेवलेलं जास्तीचं लाकूड इथे उपयोगी पडतं. ते नसतं तर मोगरीच्या माराने पाय वरून चिरला असता.

जुना, कडक साग असेल तर आधी हातड्रिलने पाच मिलिमीटरची भोकं रांगेत पाडून मग पटाशी चालवा. यात कमीपणा नाही. कापताना दोन्ही हात पटाशीच्या धारेमागे हवेत, लाकूड धरणारा हात पुढे नको.

कुसू कापणं

पट्टीच्या दोन्ही टोकांकडे साडेसात सुतांवर चाकूने चारही बाजूंनी रेष फिरवा. ही खांद्याची रेष, तुमच्या सांध्याचा चेहरा. गेजने दोन सूत जाडीच्या रेषा टोकावरून मारा, तोच गेज न हलवता चारही पट्ट्यांवर.

पट्टी तिरकी धरून करवत एका कोपऱ्यातून सुरू करा, रेषेच्या बाहेर, फेकून द्यायच्या भागात. तिरकं कापत खांद्यापर्यंत जा, पट्टी उलटवून दुसरीकडून तसंच, मग उभी धरून मधला त्रिकोण संपवा. खांदे कापण्याआधी चाकूच्या रेषेला पटाशीने छोटी पन्हळ करा, म्हणजे करवत घसरत नाही. शेवटी कुसवाच्या वरून चार सूत आणि खालून दोन सूत कापून काढा; दीड इंच उरतं, खाचेएवढं.

आता बसवून बघा. हाताने दाबल्यावर आत जावं, उलटं धरल्यावर गळून पडू नये. मोगरी लागत असेल तर फार घट्ट आहे, पाय फाटेल. सहा सुती पटाशीने कुसवाच्या गालावरून (रुंद बाजूवरून) केसभर खरवडा. सैल झालं तर रंध्याचा पातळ छिलका फेविकॉलने गालाला चिकटवा आणि वाळल्यावर परत जुळवा. मिस्तरी सर्रास करतात. कुसू खाचेपेक्षा अर्ध सूत आखूड आहे, ती जागा जास्तीच्या फेविकॉलसाठी.

चिकटवण्याआधी एक काम उरकून घ्या, नंतर पटाशी आत पोचणार नाही. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून तीन सूत खाली, दोन सूत उंच, इंचभर लांब आणि साडेतीन सूत खोल अशा चिरा पाडा. फळीच्या रेषांना समांतर जाणाऱ्या दोन पट्ट्यांना प्रत्येकी दोन, उरलेल्या दोन पट्ट्यांना अगदी मधोमध एकेक. एकूण सहा.

चौकट जुळवणं

आधी फेविकॉलशिवाय पूर्ण जुळवा. कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले की चौकट चौरस. फरक असेल तर खांदे तपासा.

साग तेलकट असतो, म्हणून जोडाच्या जागा त्याच दिवशी ताज्या कापलेल्या किंवा खरवडलेल्या हव्यात. काही दिवस गेले असतील तर थिनरने पुसून घ्या. मे महिन्यात भर दुपारी फेविकॉल लावू नका. पंखा आणि उष्मा मिळून ते बोटांवरच वाळतं. पहाटे करा. एका दिवशी दोन-दोन पायांच्या दोन बाजू, दुसऱ्या दिवशी त्या दोघी एकमेकींना.

लांब क्लँप नसले तर सुती दोरी चौकटीभोवती दोन वेढे घालून बांधा आणि मध्ये काठी घालून पीळ द्या. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, नाहीतर दोरीचे वळ उठतात. परत कर्ण मोजा आणि चोवीस तास हात लावू नका. वाळल्यावर पायांचं वरचं जास्तीचं लाकूड कापून पट्ट्यांच्या पातळीत रंधा.

वरची फळी

सोळा इंचाची एकसंध फळी मिळाली तरी मी घेत नाही. साडेपाच इंचाच्या तीन फळ्या जोडलेल्या जास्त शहाण्या वागतात. दोन फळ्यांच्या जोडायच्या कडा एकत्र धरून, वह्या मिटल्यासारख्या पाठीला पाठ लावून, एकदमच रंधा मारा. काटकोनात थोडी चूक झाली तरी दोन्हींची चूक एकमेकींना भरून काढते. उजेडासमोर धरल्यावर फटीतून प्रकाश दिसू नये.

दाबायला पाचरी वापरा. जाड फळीवर दोन पट्ट्या समांतर ठोका, त्यांच्यामध्ये तिन्ही फळ्या फेविकॉल लावून ठेवा आणि उरलेल्या जागेत समोरासमोर दोन-दोन पाचरी ठोकत जा. खाली वर्तमानपत्र घाला. फळ्या वर उचलू लागल्या तर वरून विटा ठेवा.

वाळल्यावर आधी रेषांना तिरकं, मग रेषांच्या दिशेने रंधा. टोकाची बाजू रंधताना दोन्हीकडून मध्यापर्यंतच या, आरपार गेलात तर शेवटचा कोपरा तुटतो. कडा थोड्या गोल करा. चौरंग मुलांच्या नडगीच्या उंचीवर असतो.

फळी बसवणं : सगळं इथे ठरतं

आता हिशोब. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातल्या लाकडातला ओलावा साधारण पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो आणि ऑगस्टमध्ये चौदाच्या आसपास चढतो. टोकावर आडव्या रेषा असलेल्या १६ इंच रुंद सागवानी फळीत एवढ्या फरकाने सुमारे दोन सूत हालचाल होते. उभ्या रेषांच्या फळीत सुमारे एक सूत. रेषांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही. म्हणजे फळी फक्त रुंदीत जागते. दोन सूत ऐकायला कमी वाटतं, पण ते रोखायला गेलात तर लाकूड फाटेल, स्क्रू वाकेल किंवा सांधा सुटेल.

म्हणून फळी लाकडी गुटक्यांनी धरायची. पाच सूत जाड, इंचापेक्षा थोडी कमी रुंद पट्टी घ्या. तिच्या टोकाला तीन सूत लांब जीभ कापा : वरून जेमतेम पावणेतीन सूत आणि खालून अर्ध सूत उतरवायचं, मध्ये दोन सुतांच्या आतली जीभ उरते. जीभ गुटक्याच्या रेषांच्या लांबीतच हवी, आडवी कापली तर मोडते. मग दीड इंचावर गुटका कापून वेगळा करा आणि पुढचा. सहा झाले की प्रत्येकात स्क्रूचं भोक पाडा आणि तोंड रुंद करा, म्हणजे डोकं आत बसेल.

जीभ पट्टीच्या चिरेत जाते, गुटका स्क्रूने वरच्या फळीला खालून बसतो. चीर कडेपासून तीन सुतांवर आणि जिभेवरची उतरण पावणेतीन, त्यामुळे स्क्रू आवळला की फळी चौकटीवर ओढली जाते, पण आडवी सरकायला मोकळी राहते. स्क्रू एक इंचाचा; फळीत तीन सूत शिरतो, वर फुटत नाही. सागात आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पितळी स्क्रू डोक्यातच मोडतो.

मधल्या दोन गुटक्यांना पट्टीला टेकवून बसवा. ते फळीचा मध्य धरून ठेवतात, म्हणजे हालचाल दोन्हीकडे निम्मी-निम्मी वाटली जाते. उरलेल्या चार गुटक्यांचं अंतर मात्र तुम्ही कोणत्या महिन्यात बसवताय त्यावर ठरतं. वैशाख-जेठात फळी सगळ्यात आकसलेली असते आणि पुढे फुगणार आहे. गुटका बाहेरच्या दिशेला सरकेल, म्हणून गुटका आणि पट्टी यांच्यात दीड सूत जागा सोडा. श्रावण-भादव्यात फळी फुगलेली असते, पुढे आकसेल. तेव्हा गुटके पट्टीला टेकवूनच बसवा, जीभ तीन सूत लांब असल्याने आकसल्यावरही चिरेबाहेर येणार नाही. दिवाळीनंतर हिवाळ्यात पाऊण सूत पुरे. नवख्या माणसाने दिवाळी ते संक्रांत हाच हंगाम धरावा असं माझं मत आहे : लाकूड मधल्या अवस्थेत असतं, फेविकॉलला वेळ मिळतो आणि घामाचे थेंब फळीवर पडत नाहीत. कानबाईसाठीच हवा असेल तर लाकूड मात्र चैत्रातच घरात आणून ठेवा.

फळी आणि चौकट यांच्यात फेविकॉलचा थेंबही नको.

डुगडुगणं काढणं

चौरंग सपाट शहाबादी फरशीवर ठेवा. डुगडुगत असेल तर आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून स्थिर करा. एका पातळ लाकडी तुकड्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती फरशीवरून फिरवा. चारही रेषा एकाच उंचीवर येतात. त्या रेषेवर कापा आणि तळाच्या कडा कानसीने मोडा, म्हणजे ओढताना पायाची ढलपी उडणार नाही.

तेल

फ्रेंच पॉलिश दिसतं सुंदर, पण चौरंगावर कलशाचं पाणी, हळद आणि ओलं कुंकू पडणारच आणि लाखेवर पाण्याचे पांढरे डाग उठतात. जवसाचं तेल बरं. मात्र तेलघाण्यावरचं खाण्याचं जवसतेल घेऊ नका, ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. रंगाच्या दुकानात मिळणारं, लवकर वाळणारं उकळलेलं जवसतेल मागा.

लाकूड २२० च्या पेपरने रेषांच्या दिशेने घासा. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो, तोंडाला फडकं बांधा. तेल पातळ लावा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. चमक दिसते म्हणून जाड थर ठेवला तर धूळ त्यातच बसते. एक दिवस सोडून दुसरा हात, मग तिसरा. पावसाळ्यात मध्ये दोन दिवस सोडा. फळीच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. वरून तेल आणि खालून कोरडं राहिलं तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि फळीला बाक येतो.

तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसतेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेते. आपल्या मे महिन्यात तर हा धोका पुस्तकी अजिबात नाही. चिंध्या बाहेर एकेरी पसरून कडक वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

पहिल्या वर्षी दोनदा चौरंग उलटा करून बघा, एकदा मेअखेर आणि एकदा गणपतीत. गुटका पट्टीला घट्ट भिडलेला दिसला आणि फळी अजून फुगायची असेल तर स्क्रू काढा, गुटक्याचा खांदा पटाशीने एक सूत उतरवा आणि त्याच भोकात परत बसवा. जीभ चिरेतून निसटण्याच्या बेतात असेल तर गुटका एक सूत पट्टीकडे सरकवून नवं भोक पाडा. जुन्या भोकात काडेपेटीची काडी फेविकॉल लावून ठोकली की पुरे.